पुन्हा नेम धरताना

कॉलेजात हातात रायफल होती, मग माऊस आला. बारा वर्षांनी रेंजवर परत जायचं, तर आधी हात कशाला घालायचा? बालेवाडीतल्या एका शनिवार सकाळचा हा हिशेब.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्यांसाठी बालेवाडी म्हणजे काय? हायवेवरचा ट्रॅफिक जॅम आणि शुक्रवार रात्रीची हाय स्ट्रीट. बरोबर ना? पण तिथून थोडं पुढे, म्हाळुंग्याच्या बाजूला, श्री शिवछत्रपती क्रीडा संकुल पसरलंय. १९९४ च्या नॅशनल गेम्ससाठी ते उभं राहिलं. २००८ च्या कॉमनवेल्थ यूथ गेम्सचं शूटिंग इथल्याच रेंजवर झालं. आणि १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं ब्राँझ जिंकणारा स्वप्निल कुसाळे सरावाला इथेच असायचा. मूळचा कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, तेव्हा सेंट्रल रेल्वेत टीसी. म्हणजे तोही नोकरीवालाच की!

त्या ब्राँझनंतर आमच्या जुन्या एनसीसी ग्रुपवर सगळ्यांच्याच बोटांना खाज सुटली होती. 'चला, परत सुरू करू!' दोन दिवस मेसेजचा पाऊस पडला आणि मग जो तो आपापल्या डेडलाइनला लागला. माझी खाज मात्र गेली नाही. कॉलेजात मी पॉइंट टूटू रायफल चालवायचे. जमिनीवर पालथं पडून पाच राउंड, आणि ते पाच एका रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले की दिवस सार्थकी! दारूचा तो करपट वास अजून नाकात आहे. त्यामुळे परत जायचं ठरलं तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. टूटू, बस्स.

कॉलेजात आम्हाला शिकवणारे सर आता मुलांना कोचिंग देतात. त्यांना फोन केला. ते म्हणाले, ''अगं, ये शनिवारी. पण आधीच ठरवून येऊ नकोस. आधी रेंज फिरून बघ.''

पहिला थांबा : १० मीटर

एअर गनचा हॉल बंदिस्त असतो, त्यामुळे वारा नाही, ऊन नाही. 'टप्प', 'टप्प' एवढाच आवाज. शाळकरी मुलं, त्यांच्या मागे डबा घेऊन बसलेल्या आया, आणि मधूनच आपल्यासारखा एखादा आयडी कार्डवाला. प्रत्येक रिकाम्या गनच्या नळीतून भडक रंगाची दोरी बाहेर आलेली दिसते. तो सेफ्टी फ्लॅग. तो दिसला नाही तर सर आधी ओरडतात, मग बोलतात.

इथे दोन ऑप्शन, रायफल आणि पिस्तूल. दोन्हींचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा. पण टार्गेट बघा. रायफलचा 'दहा' म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, पेनाने टेकवलेल्या टिंबाएवढा. पिस्तुलाचा 'दहा' ११.५ मिलिमीटरचा, शर्टाच्या बटणाएवढा. मग पिस्तूल सोपं? छे! रायफलला दोन हात, खांदा, गाल आणि जाड कॅनव्हासचं कडक जॅकेट असा सगळ्यांचा आधार असतो. पिस्तूल एका हातात, हात सरळ, बाकी काही नाही. साधारण किलोभर वजन, आणि ट्रिगर ५०० ग्रॅमपेक्षा हलका चालत नाही. दुधाची लिटरची पिशवी हात लांब करून धरून बघा, मग कळेल. मॅचमध्ये हे ६० वेळा करायचं, ७५ मिनिटांत.

''जॅकेट आहे का तुझं?'' सरांनी विचारलं. कॉलेजात आम्हाला कुठलं जॅकेट! आणि गन अकादमीची वापरता येते, पण जॅकेट अंगावर मापाचंच लागतं. पोट आणि खांदे बारा वर्षांपूर्वीचे राहिलेत का, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नाही!

दुसरा थांबा : २५ मीटर

पुढे २५ मीटर. इथे वरून आभाळ दिसतं आणि आवाजाने छाती दणाणते. पिस्तूल, पण टूटूचं. राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये सोनं मिळवलं ते याच प्रकारात. ३० गोळ्या निवांत आणि ३० रॅपिड. रॅपिडमध्ये टार्गेट तीन सेकंद समोर येतं, सात सेकंद लपतं. त्या तीन सेकंदांत हात वर, नेम, फायर. आमच्या रिलीजच्या रात्रीसारखंच, फरक एवढाच की इथे एक्स्टेन्शन मिळत नाही.

बघायला एकदम सही! पण सर म्हणाले, ''हे ज्याचा एअर पिस्तुलाचा हात बसलाय त्याच्यासाठी. लांब ब्रेकनंतर इथे सुरुवात केलीस तर पहिली सवय लागेल ती दचकण्याची. आवाज व्हायच्या आधीच मनगट घट्ट होतं. ती सवय काढायला मग सहा महिने जातात.''

तिसरा थांबा : ५० मीटर

आणि मग माझी लाडकी. ५० मीटरवरचा टूटूचा 'दहा' १०.४ मिलिमीटरचा. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला वर्ल्ड चॅम्पियनशिप जिंकली ती याच अंतरावर, पालथं झोपून. तीच तेजस्विनी २०२१ मध्ये टोकियोला पहिलं ऑलिम्पिक खेळली तेव्हा चाळिशीत होती. उशीर वगैरे काही नसतं, हे इथे उभं राहिलं की पटतं.

मॅटवर कोणीतरी पालथं पडलं होतं. गोळी सुटली आणि तोच वास आला. मी दोन मिनिटं नुसती उभी राहिले. मग सरांनी नेमका प्रश्न टाकला, ''तुला परत काय हवंय? नेमबाजी, की कॉलेजातली तू?''

उत्तर लगेच देता आलं नाही. मग आम्ही कॅण्टीनमध्ये चहा घेत साधा हिशेब मांडला. टूटूला लायसन्स लागतं, गोळी मोजून मिळते, महाग पडते, आणि रेंजशिवाय काहीच करता येत नाही. माझ्याकडे आठवड्यात मोकळ्या संध्याकाळी दोन, शिवाय शनिवार. म्हणजे टूटू धरली तर महिन्यातून दोनदा येणार, चाळीस गोळ्या मारणार, जुन्या आठवणी काढणार आणि घरी जाणार. पिकनिक झाली, सराव नाही.

एअर पिस्तुलाचं गणित वेगळं. छऱ्यांचा पाचशेचा डबा बरेच दिवस पुरतो. जॅकेटचा खर्च नाही. आणि मुख्य म्हणजे घरी, छर्रा न भरता, रिकाम्या भिंतीसमोर रोज वीस मिनिटं ड्राय प्रॅक्टिस करता येते. दिवसभर स्क्रीनला चिकटलेल्या डोळ्यांनाही यात काम मिळतं. नजर टार्गेटवर नाही, पुढच्या साइटवर ठेवायची. टार्गेट धूसर दिसलं तरी चालतं. हे मनाला शिकवणंच सगळ्यात कठीण!

सरांनी अकादमीचं पिस्तूल हातात दिलं. दहा छर्रे मारले. मॉनिटरवर ठिपके उमटले, ९.१, ८.४, ६.७... अप्रेझलसारखं 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' नाही. जे झालं ते तिथल्या तिथे, दशांशासकट.

तर माझं ठरलंय. सहा महिने एअर पिस्तूल, आठवड्यात तीनदा. टूटू सोडलेली नाही. ती वर्षाच्या शेवटी, स्वतःला बक्षीस म्हणून. तोपर्यंत घरातली पाण्याची लिटरची बाटली हात लांब करून धरते. सासूबाई विचारतात, ''अगं, पाणी कोणाला देतेयस?''

तुम्हीही परत जाताय?

• आधी आठवड्यात खरोखर किती वेळ मिळणार ते मोजा, मग गन निवडा. जी जास्त वेळा हातात येईल ती तुमची.

• लगेच विकत घेऊ नका. बाहेरून येणारं मॅच पिस्तूल लाखाच्या पुढे जातं. दोन-तीन महिने अकादमीचं वापरा.

• .१७७ बोअरच्या, ठरलेल्या मर्यादेतल्या ताकदीच्या एअर गनला लायसन्स लागत नाही. पॉइंट टूटूला लागतंच.

• खांदा, मनगट किंवा पाठ दुखत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. चष्म्याचा नंबरही तपासून घ्या.

• पहिल्या महिन्यात स्कोअर लिहू नका, ग्रुप बघा. छर्रे एकाच जागी जाताहेत ना? मग ती जागा मधोमध आणणं हे नंतरचं काम.

• घरी ड्राय प्रॅक्टिस करताना गन रिकामी आहे का ते दोनदा बघा. समोर माणूस, आरसा किंवा खिडकी नको.