शिदोरी सर्वांची असावी

हातकणंगले परिसरात आमच्या लहानपणी ‘पिकनिक’ हा शब्द क्वचितच कानी पडे. श्रावणात आळत्याजवळच्या रामलिंगाला जाणे आणि कार्तिकात आवळीच्या झाडाखाली जेवणे, हीच कुटुंबाची सहल. आजी पहाटे उठून ज्वारीचे पीठ दुधात मळी व मऊ दशम्या करी. सोबत झुणका, शेंगदाण्याची चटणी, दही आणि कांदा. पायी डोंगर चढून गेल्यावर फडके उलगडले जाई. आजोबा आणि नातवंडे एकच अन्न खात.

पुढच्या पिढीत स्टीलच्या डब्यांतून पुरी-भाजी आणि मसालेभात आला. आता गाडीतच वेफर्स आणि शीतपेये असतात. वडापाव वाटेत मिळतो. चालणे घटले, मीठ, साखर व तळण वाढले. परंतु डॉक्टर म्हणून मला अधिक खटकते ती गोष्ट निराळीच आहे. या पंगतीतून ज्येष्ठ माणूस उठला आहे. “तुम्ही जाऊन या, मला तिथं काय खाता येणार?” हे वाक्य मधुमेहाचे वृद्ध रुग्ण दवाखान्यात सहज बोलून जातात. त्यामागचा एकटेपणा कोणत्याही तपासणीत दिसत नाही.

जुनी शिदोरी सर्वस्वी निर्दोष होती, असे नाही. चटणी-लोणच्यात मीठ भरपूर असे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढांनी दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभराहूनही कमी मीठ खावे. रक्तदाब असणाऱ्यांनी हे विशेष जपावे.

म्हणून ज्येष्ठांसाठी वेगळा डबा करण्याऐवजी सर्वांच्या डब्यात दशमी, मऊ उसळ, काकडी व अळणी ताक ठेवावे. दात नसतील तर दशमी ताकात कुस्करावी. शिजवलेले अन्न, विशेषतः भात, उन्हाळ्यात एका तासाहून अधिक बाहेर ठेवू नये. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबवू नये. घाम सुटला, हात थरथरू लागले तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी व दवाखाना गाठावा. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नये.

येत्या सहलीची तयारी करताना प्रथम घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे, “डब्यात काय घेऊ या?” बाकीचे पदार्थ त्यानंतर ठरवावेत.