बेलपाड्याची पहाट

थंडीच्या दिवसांत खालाकडे बेलपाड्याला मुक्कामाला होतो. फजरच्या आधी जाग आली ती तिच्या खोकल्याने. वजू करून आली, पण खिडकी उघडली नाही. फटीला नाक लावून म्हणाली, "आज वास आहे, बेटा. ऊन वर येईपर्यंत बंदच राहू दे."

जागा तशी हवेशीर वाटावी अशी. एका अंगाला खारघरचा डोंगर, पावसाळ्यात पांडवकड्याचा धबधबा. पण खाली सायन-पनवेल महामार्ग अहोरात्र धावतो आणि ईशान्येला तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे. 2023च्या नोव्हेंबरपासून मेट्रो सुरू झाली. उत्सव चौकात बसलं की थोड्याच वेळात पेंधर येतं. याच तळोज्यात 2017च्या ऑगस्टमध्ये भटकी कुत्री निळी दिसू लागली होती. रंग डोळ्यांना दिसला म्हणून देशभर बातमी झाली. हवेतला वायू दिसत नाही; तो आधी खालाच्या छातीला कळतो.

पहाटच वाईट का? थंडीत रात्री जमीन निवते, तिच्या लगतची हवा गार आणि जड होते, अन् वरची उबदार हवा पातेल्यावरच्या झाकणासारखी बसते. धूर खालीच कोंडतो. ऊन तापलं की झाकण उघडतं. दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका आधीच सुजलेल्या असतात. सल्फर डायऑक्साइड नाकात गेला की त्या काही मिनिटांत आवळतात. पीएम 2.5 नावाचे बारीक कण तर ओढणीतूनही आत जातात. त्यांची चोवीस तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 15. म्हणजे सरकारी कागदावर चांगली ठरलेली हवाही खालाला सोसेलच असं नाही.

सगळा दोष कारखान्यांवर टाकून मोकळं होता येत नाही. ट्रकचा धूर आहे, बांधकामांची धूळ आहे. आणि घरातलं? जुमेरातचा लोबान खालाने डॉक्टरांच्या सांगण्यावरून बंद केला. त्याचं तिला फार वाईट वाटतं.

माझी तिच्याशी खरी वादावादी झाली ती पंपावरून. "सवय लागते," म्हणून ती रोजचा पंप टाळते आणि दम लागला की दुसरा, तातडीचा पंप ओढते. रोजचा पंप आतली सूज कमी ठेवतो. तो सोडला की झटके वाढतात. रमजानमध्ये तर तिने महिनाभर सोडला होता. रोज्यात पंप घेण्याबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, पण दिवसातून दोनदाचा पंप बहुधा सहरी आणि इफ्तारनंतर बसवता येतो. हे डॉक्टरांना आणि इमामसाहेबांना रमजानच्या आधीच विचारायचं असतं. तिने कुणालाच विचारलं नव्हतं.

साडेनऊला तिने पुन्हा फटीला नाक लावलं, मग दोन्ही दारं उघडली.

"आता चहा टाकते," म्हणाली. पंप फ्रिजवरून काढून मी टेबलावर, तिच्या चष्म्याशेजारी ठेवला.