बुधवार, रविवार

आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुधाचे खाडे असतात, सिलिंडर लावल्याची तारीख असते, आणि गेल्या वर्षभरापासून बुधवार-रविवारच्या चौकटीत एक आकडा असतो. १००. कधी ८०. एखाद्या वेळी नुसताच ४०. भुरीच्या कातडीखाली त्या दिवशी किती मिली सलाइन गेलं, तो हा आकडा.

भुरी २००९ च्या पावसाळ्यात आमच्या माहीमच्या इमारतीत, विजेच्या मीटरांच्या खोक्यामागे ओलीचिंब सापडली. आता १६ वर्षांची आहे. मांजराची १६ वर्षं म्हणजे माणसाची ऐंशीच्या आसपास, म्हणजे ती आणि आई आता एका वयाच्या.

दुखणं सुरू झालं ते पाण्यापासून. बाथरूममधल्या बादलीच्या काठावर पुढचे दोन पाय टेकून ती पाणी प्यायची आणि पीतच राहायची. मे महिना होता, उकाड्याने पीत असेल, असं आई म्हणाली आणि मलाही ते पटलं. तिच्या मातीच्या ट्रेमधले ओले गोळे लिंबाएवढे होते ते संत्र्याएवढे झाले. ती माती रोज मीच काढत होते. पाठीवरून हात फिरवताना मणके लागायला लागले, तेव्हा कुठे मी तिला परातीत बसवून वजनकाट्यावर ठेवलं. ४.६ किलोची भुरी ३.४ वर आली होती.

परळच्या प्राण्यांच्या दवाखान्याला लोक अजून बैल-घोडा हॉस्पिटल म्हणतात. मुंबईची ट्राम घोडे ओढत होते त्या काळातलं ते नाव. मी भुरीला घेऊन गेले त्या दिवशी बाकावर दोन म्हातारी मांजरं, एक ससा आणि पाय मोडलेलं एक भटकं कुत्रं होतं. कोणाच्याही कामाला न येणारे जीव मांडीवर घेऊन माणसं बसली होती, निम्म्या दिवसाची रजा टाकून. त्या बाकावर बसून मला फार बरं वाटलं.

रक्ताचा रिपोर्ट मात्र वाईट होता. क्रिएटिनिन ३.४. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, रक्तात हा आकडा वाढलेला दिसतो तोपर्यंत मूत्रपिंडांचं साधारण तीन-चतुर्थांश काम थांबलेलं असतं. उरलेला भाग सगळ्यांचं काम ओढत असतो. लघवी घट्ट करायची ताकद गेली की शरीरातलं पाणी सारखं बाहेर जातं, म्हणून मांजर सारखं पितं, आणि तरी कोरडंच राहतं. मांजरं दुखणं लपवतात, असंही ते म्हणाले. परतताना टॅक्सीत मी ती बादली आठवत होते. भुरीने काय लपवलं होतं? रोज सकाळ-संध्याकाळ ती माझ्यासमोर, काठावर पाय टेकून, जे होत होतं ते दाखवत होती.

मग सुई आली. औषधाच्या दुकानात आरएल सलाइनची बाटली आणि आयव्ही सेट मागितला की मुलगा बिलावर लिहायला पेशंटचं नाव विचारतो. मी भुरी सांगते, तो भुरी लिहितो. बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात कोमट करायची, पडद्याच्या दांडीला टांगायची. दोन खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून उचलली की तंबूसारखी पोकळी होते, त्या पोकळीत सुई. पहिल्यांदा सुई आरपार जाऊन सलाइन माझ्याच हातावर सांडलं. दुसऱ्यांदा तिने पंजा मारला. तिसऱ्यांदा जमलं. खांद्यावर उंटासारखं वशिंड उभं राहतं, रात्रभरात ते ओघळत पुढच्या पायात उतरतं आणि सकाळपर्यंत जिरून जातं. दुसऱ्या दिवशी ती अंग चाटून स्वच्छ करते, आईच्या जपमाळेवर झडप घालते. १०० मिली पाण्याने एवढं होतं.

भुरी कधी मांडीवर बसलेली नाही. १६ वर्षांत तिने मला तीन-चारदा उचलू दिलं असेल. जवळ यायची ती हातभर अंतरावर, पाठ माझ्याकडे करून. तो तिचा विश्वास होता आणि मी तो तसाच घेतला होता. आता त्याच भुरीला आठवड्यातून दोनदा टॉवेलमध्ये गुंडाळून गुडघ्यांत दाबून धरायचं होतं. सुई आत असताना ती घुरघुरायची, तेव्हा मला वाटायचं, तिला कळतंय, हे तिच्या भल्यासाठी आहे. मी कौतुकाने डॉक्टरांना सांगितलं. ते थोडं थांबून म्हणाले, "ताई, मांजरं वेदनेत आणि भीतीतही घुरघुरतात."

त्या दिवसापासून मला तिची परवानगी गृहीत धरता आली नाही. मांजरीचे दात पिलांना लागत नाहीत, ही म्हण मी लहानपणापासून आईकडून ऐकत आले. प्रेमाने धरलेलं टोचत नाही, असा तिचा अर्थ. पण त्या म्हणीत पिलाला कोणी विचारलेलं नाही.

सुईचे वार आईने ठरवले. "टोचायचंच तर बाजाराच्या दिवशी टोच, मागून बोंबील तरी मिळेल तिला." म्हणून बुधवार आणि रविवार. मूत्रपिंडाच्या आजाराचं खास खाणं आम्ही आणलं होतं. त्यात फॉस्फरस कमी असतो, आणि ते खाऊन मांजरं जास्त जगतात हे मला मान्य आहे. भुरीने ते हुंगलं आणि बशीभोवती फरशी उकरली, घाण पुरतात तशी. दोन दिवस उपाशी राहिली. मांजराने दोन-तीन दिवस खाल्लं नाही तर अंगातली चरबी यकृतात साठून आणखी एक दुखणं उभं राहतं. डॉक्टरांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, जे खाईल ते द्या, न खाल्लेल्या पथ्याचा उपयोग नाही. ओल्या बोंबलात पाणीच फार. मीठ न घालता उकडायचा, काटा काढायचा, वरचं पाणीही बशीत ओतायचं. कोळीण आता दारातूनच "म्हातारीचा वाटा" म्हणून दोन बोंबील बाजूला काढते. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा चिकनवर भागवलं. आणि पुढे श्रावण आला. आमच्या घरात श्रावणात मासळी शिजल्याचं मला आठवत नाही. पहिल्या बुधवारी मी उठले तर आई जुन्या ॲल्युमिनियमच्या पातेल्यात, खिडकी सताड उघडून, बोंबील उकडत होती. मी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. महिनाभर ते पातेलं गॅलरीत वेगळं पालथं असायचं.

मूत्रपिंडं बिघडली की रक्तदाब चढतो, आणि चढलेल्या रक्तदाबाने मांजराच्या डोळ्यातला पडदा सुटून ते एका रात्रीत आंधळं होऊ शकतं. म्हणून भुरीला अ‍ॅम्लोडिपिन चालू आहे, २.५ मिलिग्रॅमच्या गोळीचा चौथा हिस्सा. आईलाही तेच औषध आहे. दोघींच्या गोळ्या एका डब्यात होत्या, त्या मी वेगळ्या केल्या, कारण त्याच डब्यात आईची पॅरासिटामॉलही होती. ते पचवायची सोय मांजराच्या शरीरात नसते. आपण डोकेदुखीला घेतो ती एक गोळी मांजराचा जीव घेते. म्हातारं मांजर असलेल्या प्रत्येक घराला मला हे एकदा तरी सांगायचं असतं.

गेल्या दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी टॉवेल घेतलाच नाही. हात दुखत होते, एवढंच कारण. ती खिडकीखालच्या पाटांवर बसली होती. सांधे धरल्यामुळे तिला आता वर उडी मारता येत नाही, म्हणून तिथे दोन पाट एकावर एक ठेवले आहेत. मी तिच्या मागे जमिनीवर बसले, कातडी उचलली, सुई लावली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. ६० मिली झालं तेव्हा ती उठली आणि मी सुई काढून घेतली. पूर्वी मी तिला पुन्हा दाबलं असतं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी वजन पाहिलं आणि चालेल म्हणाले. तेव्हापासून टॉवेल नाही. ती उठली की थांबायचं. कदाचित यामुळे तिचे काही आठवडे कमी होतील. हे मी आईशी बोलले आहे, डॉक्टरांशीही, आणि रात्री एकटीही पुष्कळदा बोलले आहे.

पुढचा प्रश्न डॉक्टरांनीच विचारून ठेवला आहे: तिला सगळ्यात जास्त काय आवडतं, ते लिहून ठेवा, आणि तिने ते सोडलं की मला फोन करा. मी कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहिलं, कोळणीची हाक आली की खिडकीत जाते.

आज रविवार. वजन २.९. सुई लावली तेव्हा ती बसली होती, निम्मं सलाइनही गेलं नव्हतं, तेवढ्यात खालून हाक आली. भुरीचे कान उभे राहिले. ती उठली, मी सुई काढली, आणि ती दोन पाट चढून, मध्ये एकदा थांबून, खिडकीत गेली. आजच्या चौकटीत ४५ लिहिलं.