मुलांना नर्तकीची गोष्ट सांगताना

नृत्यांगनांची मुलांसाठी लिहिलेली चरित्रं वाचायला घेतली की एक प्रसंग हटकून भेटतो. लहान मुलगी, शेजारी आई, भलंमोठं नाट्यगृह. पडदा वर जातो आणि मुलीचं आयुष्य तिथेच ठरून जातं. ॲना पाव्हलोवाच्या बाबतीत हे खरोखर घडलं होतं. लोकांचे कपडे धुणाऱ्या तिच्या आईनं तिला आठ वर्षांची असताना सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की नाट्यगृहात ‘स्लीपिंग ब्यूटी’ दाखवलं होतं. लॉरेल स्नायडर यांचं ‘स्वान’ हे २०१५ चं चित्रपुस्तक त्या रात्रीपासूनच सुरू होतं. पुस्तक देखणं आहे. पाव्हलोवाला बॅले शाळेनं आधी परत पाठवलं आणि दहाव्या वर्षी घेतलं, हेही त्यात आहे. पण अशी पाच-सहा पुस्तकं ओळीनं वाचली की वाटायला लागतं, नाच म्हणजे नुसती इच्छा आणि कष्ट. मुलीनं मनात आणलं, घाम गाळला की झालं.

माझी भाची बारा वर्षांची आहे, भरतनाट्यम शिकते. तिच्यासाठी मी ही पुस्तकं जमवते. तिनं ती वाचायच्या आधी मी वाचते आणि प्रत्येक पुस्तकात एक गोष्ट शोधते. या मुलीला आत कोणी घेतलं नाही? का घेतलं नाही? आणि लेखकानं ते मुलांना सांगितलं आहे का?

सांगता येतं, याचा उत्तम दाखला म्हणजे मिशेल मेडोज यांचं ‘ब्रेव्ह बॅलेरिना’. २०१९ साली आलेलं हे जॅनेट कॉलिन्सचं चरित्र अगदी धाकट्या मुलांसाठी, यमक जुळवत लिहिलेलं आहे. जॅनेट कृष्णवर्णीय. लॉस एंजेलिसमध्ये बॅले शिकत असताना ‘बॅले रूस द मॉन्टे कार्लो’ या नामांकित संस्थेनं तिची निवडचाचणी घेतली. काम पसंत पडलं, पण घ्यायचं तर एका अटीवर: रंगमंचावर चेहरा पांढरा रंगवायचा. तिनं नकार दिला. पुढे १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या बॅलेत ती मुख्य नर्तिका झाली. पहिली-दुसरीतल्या मुलाला हे सगळं कळतं. त्या वयात ‘हे बरोबर नाही’ हे फार लवकर समजतं; ते झाकून ठेवायची घाई मोठ्यांनाच असते.

जरा मोठ्या मुलांसाठी मिकेला डीप्रिन्सचं ‘टेकिंग फ्लाइट’ आहे, आपल्या दत्तक आईबरोबर तिनं लिहिलेलं. सिएरा लिओनमधल्या यादवीत आईवडील गेले. अनाथालयात मुलांना क्रमांक दिलेले आणि मिकेलाचा क्रमांक शेवटचा, सत्ताविसावा. अंगावर कोडाचे डाग, म्हणून तिला सैतानाची पोर म्हणायचे. एके दिवशी वाऱ्यानं उडून आलेलं एक मासिक फाटकाला अडकलं. मुखपृष्ठावर चवड्यांच्या टोकावर उभी असलेली नर्तकी होती. ते पान मिकेलानं फाडलं आणि कपड्यांत लपवून ठेवलं. चार वर्षांची असताना अमेरिकेतल्या कुटुंबानं तिला दत्तक घेतलं, तेव्हा नव्या आईच्या सामानात तिनं आधी काय शोधलं, तर बॅलेचे बूट! इथवर ही परीकथा होऊ शकली असती. पण पुस्तक थांबत नाही. आठव्या वर्षी ‘नटक्रॅकर’मधल्या मुख्य मुलीच्या भूमिकेची तयारी करूनही तिला सांगण्यात आलं की लोक अजून काळ्या मुलीला त्या जागी बघायला तयार नाहीत. हे तिनं स्वतः लिहून ठेवलं, याचं मोल फार आहे. २०२४ मध्ये, अवघ्या एकोणतिसाव्या वर्षी ती गेली, तेव्हा भाचीनं पुस्तक पुन्हा काढून वाचलं.

आपल्याकडे हीच गोष्ट सांगायला बसलं की ती वेगळंच वळण घेते. तिथे कलेबाहेर ठेवलेल्यांना आत यायचं होतं. इथे कला ज्यांच्या घरची होती, त्यांनाच बाहेर जावं लागलं.

रुक्मिणीदेवी अरुंडेल यांची गोष्ट मुलांना सांगायला सोपी आहे आणि ती सांगितलीही जाते. ऑस्ट्रेलियाच्या जहाजावर पाव्हलोवाची भेट, तिनं दिलेला सल्ला की आपल्या देशाच्या नृत्याकडे बघ, मग १९३५ मध्ये अड्यारला सादर केलेला पहिला कार्यक्रम, १९३६ मध्ये कलाक्षेत्र ही संस्था. ब्राह्मण घरातल्या बाईनं त्या काळी हे करणं म्हणजे मोठंच धाडस होतं आणि मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे. पण या गोष्टीत मैलापूर गौरी अम्माळ एका ओळीपुरत्या येतात, कधी येतही नाहीत. कपालीश्वर मंदिराच्या परंपरेतल्या या देवदासी. रुक्मिणीदेवी त्यांच्याकडे शिकल्या आणि टी. बालासरस्वतीसुद्धा.

बालासरस्वती (१९१८–१९८४) माझ्या मते विसाव्या शतकातल्या आपल्या सर्वांत थोर नर्तकी. आजी वीणा धनम्माळ, आई जयम्माळ गायिका. घराण्याची मुळं अठराव्या शतकातल्या तंजावर दरबारापर्यंत जातात. तेव्हा तिथे मराठे राज्य करत होते, म्हणजे मराठी मुलांना ही बाई परकी वाटायचं कारण नाही. गुरू कंदप्पा पिळ्ळै यांची शिस्त कडक. सातव्या वर्षी, १९२५ मध्ये, कांचीपुरमच्या देवळात अरंगेत्रम, म्हणजे पहिलं जाहीर सादरीकरण, झालं. पुढे १९४७ च्या मद्रासच्या कायद्यानं देवदासी म्हणून मुलींना देवाला वाहण्याची प्रथा बंद केली. त्या प्रथेत मुलींचं शोषण होत होतं, ते थांबायलाच हवं होतं. पण नाच आणि नाचणारी यांची ताटातूटही त्याच धामधुमीत झाली. त्याच नाचाला भरतनाट्यम हे नवं नाव आणि नवी प्रतिष्ठा मिळाली, तो चांगल्या घरांतल्या मुलींचा छंद झाला. आणि पिढ्यान् पिढ्या तो सांभाळणाऱ्या बायकांच्या घराण्याचं नाव घ्यायचीही चोरी झाली. बालासरस्वती मात्र नाचत राहिल्या. शृंगार हाच या नृत्याचा प्राण आहे, तो गाळून चालणार नाही, हे त्यांनी ठामपणे मांडलं. सत्यजित राय यांनी १९७६ मध्ये त्यांच्यावर ‘बाला’ हा माहितीपट केला. समुद्राच्या वाऱ्यात पदर उडतोय आणि साठीकडे झुकलेल्या बाला ‘कृष्णा नी बेगने’वर अभिनय करताहेत, हा त्यातला भाग मी भाचीला दाखवला.

“मावशी, आमच्या क्लासमध्ये यांचा फोटो का नाही गं?” तिनं विचारलं.

उत्तर देताना मला देवदासी शब्दापासून सुरुवात करावी लागली. तासभर बोललो. तिला सगळं कळलं आणि काही आवडलंही नाही. मला ते चालतं.

मराठीत मुलांसाठी चरित्रं उदंड आहेत: शिवाजी महाराज, सावित्रीबाई, शास्त्रज्ञ, क्रांतिकारक, हल्ली क्रिकेटपटूसुद्धा. त्यांत नर्तकी शोधून बघा. इझाडोरा डंकनचं आत्मचरित्र रोहिणीताई भाट्यांनी मराठीत आणलं. पुण्यात १९४७ साली नृत्यभारती स्थापन करून कथक घरोघरी नेणाऱ्या खुद्द रोहिणीताई मुलांच्या पुस्तकांत मला कुठे भेटल्या नाहीत. आणि तमाशातल्या विठाबाई नारायणगावकर तर नाहीतच.

विठाबाईंची एक आख्यायिका महाराष्ट्रभर सांगतात. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा लोकांसमोर उभ्या राहिल्या. ही गोष्ट मोठी माणसं डोळे विस्फारून सांगतात आणि तिथेच थांबतात. मुलांच्या पुस्तकानं पुढे जायला हवं. बाळंतपणातही बाईला नाचायला का उभं राहावं लागलं? फडाची सुपारी घेतलेली असली की काय होतं? वडील आणि चुलत्यांच्या तमाशाच्या नावातच ‘भाऊ-बापू मांग’ अशी जात होती; रात्री ढोलकीला डोलणारं गाव सकाळी त्या कलावंतांना कसं वागवत असे? राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळालेल्या बाईला अखेरच्या दिवसांत पैशांची चणचण का भासावी? २००२ मध्ये त्या गेल्या आणि नंतर सरकारनं त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार सुरू केला, हेही त्यात यावं. आणि लावणीतली अदा, ढोलकीशी पायांची जुगलबंदी, गण-गवळण-वग हा क्रमसुद्धा सविस्तर यावा. नाहीतर हे चरित्र नुसतं दुःखाचं होईल आणि विठाबाई तर हुकमी कलावंत होत्या.

चित्रं काढणाऱ्यानं आधी दोन-चार फडांबरोबर फिरावं, घुंगरांचा चाळ पायात कसा बांधतात ते बघावं. पुस्तक स्वस्त असावं. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात तमाशांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक जत्रेची सुपारी द्यायला येतात, कधी पोरंही बरोबर असतात. तिथल्या टेबलांवर ते विकायला ठेवावं.