घोडेगावची केरसुणी

नेवासा तालुक्यातील घोडेगावचा शुक्रवारचा बाजार जनावरांसाठी दूरवर प्रसिद्ध आहे. मागे एकदा रजा टाकून आम्ही सहकुटुंब तेथे गेलो. बैल घ्यायचे नव्हते. आईला केरसुणी हवी होती आणि मुलांना बाजारची भेळ.

जनावरांच्या दावणी मागे टाकून आम्ही कारागिरांच्या बाजूला आलो. बांबूची सुपे, टोपल्या, घुंगरमाळा, कासरे. दोर आता बहुतेक नायलॉनचेच. एका पालाखाली मातंग समाजाचे जोडपे केरसुण्या बांधीत बसले होते. शिंदीची वाळलेली पाने भिजवायची, मूठ आवळायची आणि दोरी इतकी ताणायची की बोटांना चरे पडावेत. मुले पाहातच राहिली.

बाईंनी जोडीचे दीडशे सांगितले. आम्ही सवयीने शंभर म्हणालो. तोच आई बोलली, "माझा बाप मोळी घेऊन बाजारात उभा राहायचा, तवा लोक असाच भाव पाडायचे. पैसं बी वरून टाकायचे, हाताला हात लागू नये म्हणून."

आमची मान खाली गेली. जयंतीच्या सभेत श्रमप्रतिष्ठेवर भाषणे करणारे आम्हीच! दीडशे रुपये बाईंच्या हातात दिले.

"मुलांना ही कला शिकवली का?" आम्ही विचारले.

"पोरगी धाव्वीला हाय. तिला न्हाई शिकवलं. तिनं हापिसात बसावं."

आम्हाला ते पटले. दिवाळीत हीच केरसुणी लक्ष्मी म्हणून पुजतात. ती बांधणारे हात मात्र गावकुसाबाहेर ठेवले. जातीने कामाबरोबर काम करणारी माणसेही वरखाली वाटून टाकली, हे बाबासाहेबांनी १९३६ साली 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये दाखवून दिले. कला चांगलीच, पण ती जन्माने गळ्यात पडू नये. दहावीनंतर भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळते, जातीचा व उत्पन्नाचा दाखला आताच काढून ठेवा, असे आम्ही कागदावर लिहून दिले. कारकुनी तेवढी कामाला आली.

मग भेळ. चुरमुरे, शेव, कांदा, चिंचेचे पाणी आणि सोबत तळलेली मिरची. चार लोकांच्या बरोबरीने बाकड्यावर बसून खाल्ली. चहा आला. आईच्या लहानपणी एका बाजारगावी तिच्या वडिलांसाठी कान तुटलेली कपबशी वळचणीला वेगळी ठेवलेली असे. पिऊन झाल्यावर त्यांनीच ती धुवायची. आज आईने चहा सावकाश घेतला. कप धुवायला दुसरा पोरगा घेऊन गेला, तेव्हा ती नुसती हसली.

भेळेचे पैसे देताना आम्ही घासाघीस केली नव्हती. केरसुणीवालीशीच का केली? वाचकहो, बाजारात पिशवी घेऊन निघताना हा प्रश्न आपण सर्वांनीच स्वतःला विचारावा. कारागिराला पुरते दाम द्यावे आणि त्याच्या मुलांच्या शाळेची चौकशी करावी.

जयभीम!