कोन : डोंगराच्या पायथ्याचे आरोग्यधाम

पनवेल मागे टाकल्यावर पळस्पे फाट्याशी गोव्याचा रस्ता वेगळा होतो आणि पुण्याचा जुना महामार्ग पूर्वेकडे निघतो. त्या महामार्गावर लगेचच कोन हे गाव लागते. एका बाजूला माथेरान-प्रबळगडाची रांग, दक्षिणेकडे कर्नाळ्याचा सुळका, पुढे शेडुंग, चौक, खोपोली आणि मग बोरघाट. गावातून सावळ्याकडे फुटणारा रस्ता रसायनीच्या कारखान्यांकडे जातो. मुंबईहून पुण्याकडे विहार करणाऱ्या साधू-साध्वींची पावले याच मार्गावरून जातात. आषाढी चौमासीपूर्वी घाट चढून जायचा असल्याने ज्येष्ठाच्या अखेरीस हा विहार दिसतो. द्रुतगती महामार्ग झाल्यापासून मोटारीने जाणाऱ्यांना मात्र कोन दिसेनासे झाले आहे. दिसतात त्या केवळ उंच इमारती.

गेल्या काही वर्षांत पनवेल, खोपोली, कर्जत या पट्ट्यात व्यापारी कुटुंबांनी जमिनी घेतल्या. आधी फार्महाऊस झाली. आता बोलण्यात वारंवार येतो तो शब्द म्हणजे आरोग्यधाम. डोंगराच्या कुशीत वीस-तीस खाटांचे निसर्गोपचार केंद्र, सोबत ध्यानकक्ष, भोजनशाळा आणि एक लहानसे जिनमंदिर. ही इच्छा केवळ हौसेची नाही, हे मान्य करावे लागेल. प्रचलित निसर्गोपचार केंद्रांत जैन श्रावकाची खरोखरच अडचण होते. सकाळी लिंबूपाण्यात मध येतो, दुपारी गाजर-बिटाचा रस येतो आणि सूर्यास्तानंतर सूप येते. चौविहार पाळणारी वृद्ध श्राविका तेथे आठ दिवस राहते, ती निम्मे दिवस उपाशी आणि निम्मे दिवस संकोचात. अशा माणसांसाठी आपल्या आचाराला धरून चालणारे स्थान असावे, यात गैर काही नाही. औषधदान हे आपल्या परंपरेत आहारदान, अभयदान आणि शास्त्रदान यांच्या पंक्तीत बसलेले दान आहे. प्रश्न उरतो तो एवढाच, की हे दान कुंपणाच्या आत संपते की बाहेरही जाते.

पनवेलच्या मातीला औषधाची ओळख जुनी आहे. श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना १८७२ साली येथे उभा राहिला. माथेरानच्या उतारावरून येणाऱ्या गाढी नदीच्या काठी, नेरे गावाजवळ, कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे. ज्यांना घरच्यांनीही दूर लोटले त्या रुग्णांसाठी ते सुरू झाले. पुढे त्याच आवारात वृद्धाश्रम, आदिवासी मुलांची शाळा आणि निसर्गोपचार केंद्रही आले. आज मुंबईची सधन माणसे तेथे मातीचे लेप घ्यायला जातात. ज्या आवाराच्या वाऱ्याला एके काळी लोक उभे राहत नसत, तेथे खोली राखून ठेवावी लागते, हे काळाचे उत्तर लक्षात ठेवण्याजोगे आहे.

खुद्द कोनच्या वाट्याला आरोग्यसेवा आली ती न मागता. येथील भाडेतत्त्वावरील गृहप्रकल्पातील २४०० हून अधिक घरांची सोडत डिसेंबर २०१६ मध्ये गिरणी कामगारांसाठी निघाली. घरांचा ताबा मिळण्यापूर्वीच २०२० साली कोरोनाची साथ आली आणि त्या इमारती विलगीकरण केंद्र झाल्या. पनवेल परिसरातील कित्येक कुटुंबांनी आपल्या माणसाला येथे सोडून खालच्या फाटकापासून परत जाण्याचे दिवस अनुभवले. साथ ओसरल्यावर घरांची दुरुस्ती निघाली आणि सोडतीत नाव लागलेल्या कामगारांची प्रतीक्षा आणखी काही वर्षांनी लांबली. लालबाग-परळच्या गिरण्यांत कापसाच्या धुळीत ज्यांचे तारुण्य गेले, त्यांचे हे उतारवयातील घर. त्या धुळीने होणारा फुप्फुसाचा विकार कामगारवस्तीला परिचित आहे. कोनला श्वसनाचे उपचार देणारे केंद्र काढणाऱ्याला रुग्ण शोधण्यासाठी जाहिरात करावी लागणार नाही. फक्त ते रुग्ण खोलीचे भाडे देऊ शकणार नाहीत.

येथे बोरघाटाच्या वरच्या अंगाचे उदाहरण उपयोगी पडते. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. लोणावळा तेव्हाही हवा खाण्याचे, बंगल्यांचे गाव होते. स्वामीजींनी तेथे आणखी एक विश्रांतिस्थान उभारले नाही, तर प्रयोगशाळा उभारली. आसन-प्राणायामाने शरीरात नेमके काय घडते, हे यंत्रे लावून मोजले आणि ‘योगमीमांसा’ या नियतकालिकातून छापले. व्यापाऱ्यांनी त्यांना हात दिला. तेथील योग महाविद्यालयाला गोर्धनदास सेकसरिया यांचे नाव आहे, तर मरीन ड्राइव्हवरील यौगिक आरोग्य केंद्राला ईश्वरदास चुनिलाल यांचे. धनिकाचा पैसा आणि साधकाची शिस्त एकत्र आली की संस्था शंभर वर्षे टिकते. नुसता पैसा असला तर इमारत टिकते.

दुसरे उदाहरण सपाटीवरचे, पण अधिक बोलके. गांधीजी पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार चिकित्सालयात राहत. शहरातील अशा ठिकाणी गरीब पोहोचणार नाही, असे त्यांच्या मनाने घेतले आणि मार्च १९४६ मध्ये ते उरुळीकांचनला गेले. गांधीजी तेथे थोडेच दिवस होते. त्यांच्यामागे मणिभाई देसाईंनी तेथे आयुष्य काढले. जमीन गावकऱ्याने दिली, म्हणून गावाला आश्रम परका वाटला नाही. उपचारांसोबत शेती, गोपालन, शाळा आली आणि १९६७ साली याच कामातून बाएफ ही संस्था जन्मली. पाहुण्यांकडून शुल्क घेणारे केंद्र गावाचे होऊ शकते, याचा हा पुरावा आहे.

कोन परिसरात जमीन घेणाऱ्याने कागदाचे काम हलके समजू नये. १९४८ च्या कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्यास शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. आदिवासींची जमीन बिगर आदिवासीच्या नावे करण्यावर जमीन महसूल संहितेचे कडक निर्बंध आहेत. माथेरानभोवतीचा डोंगरपट्टा २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तर विमानतळाच्या प्रभावक्षेत्रात, म्हणजे ‘नैना’मध्ये, बांधकामाची परवानगी सिडकोकडून घ्यावी लागते. ‘सगळे होऊन जाईल’ हे दलालाचे वाक्य कर्जाच्या प्रकरणाला जोडता येत नाही.

कागद पूर्ण असले तरी उतार उरतोच. कोनहून चौककडे जाताना डावीकडे इरशाळगडाचे नेढे दिसते. त्याच्या उतारावरील इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. वाडी ठाकर समाजाची होती आणि तेथवर वाहन जात नव्हते. बचावकार्य करणाऱ्यांना पावसात, चिखलात, पायी चढून जावे लागले. २७ मृतदेह हाती लागले आणि चार दिवसांनी शोध थांबला, तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती. त्यानंतरही उतारावर ‘व्ह्यू’ असलेले भूखंड विकले जात आहेत. पाहुण्याला खिडकीतून दरी दिसावी म्हणून डोंगराचा पाया खणणे आणि त्या खोलीला मनःशांती कक्ष म्हणणे, हे दोन्ही एकाच नकाशावर बसणारे नाही.

आणि पाणी. निसर्गोपचार म्हणजे टब, वाफ, धारा, चादरी धुणे, बाग. भारतीय मानकानुसार शंभरपर्यंत खाटांच्या रुग्णालयास प्रतिखाट दररोज ३४० लिटर पाणी धरतात. तीस खाटांचे १०,२०० लिटर झाले. ग्रामीण भागासाठी जलजीवन मिशनचे प्रमाण माणशी ५५ लिटर आहे. म्हणजे तीस पाहुण्यांच्या पाण्यात १८५ माणसांची एक वाडी दिवस काढते. त्यातच या भागातील मोठ्या पाण्याची वाट आधीच ठरलेली आहे. चौकजवळच्या मोरबे धरणाचे पाणी नवी मुंबईला जाते. गाढीवरच्या देहरंग धरणाचे पाणी पनवेल शहराला जाते आणि उन्हाळ्यात तेही आटते. पाताळगंगा बारमाही वाहते, ती खोपोलीच्या टाटा वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे. ते वीजगृह १९१५ चे. डोंगरातल्या वाड्यांना यातले कोणतेच पाणी सहज मिळत नाही. मे महिन्यात तेथील बायका हंडे घेऊन झऱ्याशी बसतात.

पाण्याला अप्काय जीव मानून थेंबाची यतना सांगणाऱ्या समाजाला हा हिशेब परका वाटू नये. घरच्या बादलीला जो विवेक लागू, तोच टबालाही. आरोग्यधाम काढायचेच असेल तर स्नानाचे पाणी बागेला वळवणे, छपरावरचा पाऊस साठवणे, जवळच्या वाडीच्या विहिरीचा गाळ आपल्या खर्चाने काढून देणे, आठवड्यातून दोन सकाळी गावासाठी मोफत तपासणी ठेवणे, स्वयंपाकघरात आणि उपचारकक्षात स्थानिक मुलींना शिकवून कामावर घेणे, हा खर्च प्रकल्प अहवालात पहिल्याच पानावर यावा. तो शेवटच्या पानावर ‘सामाजिक कार्य’ म्हणून आला की पहिल्या तोट्याच्या वर्षी त्यालाच कात्री लागते. मे महिन्याच्या सुट्टीत खाटा भरतात, पावसाळ्यात रिकाम्या राहतात, हप्ता मात्र बारा महिने असतो. म्हणूनच पहिल्या तीन वर्षांची तूट दात्यांनी आधी बाजूला काढून ठेवावी आणि कर्ज त्यानंतर मागावे.

जमीन पाहण्याबद्दल जाणकारांचा एक साधा सल्ला आहे. दलाल जागा दाखवतात ती श्रावणात. तेव्हा डोंगर हिरवे असतात, ओढे भरलेले असतात आणि विहीर काठोकाठ असते. खरेदीदाराने तीच जागा मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, दुपारी, दलालाला न सांगता पाहावी. दोर सोडून विहिरीची पातळी मोजावी आणि झऱ्याशी हंडे घेऊन बसलेल्या बायकांना विचारावे, की रांग किती वाजता सुरू होते.