हलवलेलं वाक्य

‘फ्रॉस्ट/निक्सन’ हा २००८चा चित्रपट रॉन हॉवर्डचा म्हणून ओळखला जातो. पीटर मॉर्गनच्या नाटकावर तो बेतलेला, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो फ्रँक लँजेलाचा निक्सन. मला विचाराल तर तो संकलकांचा सिनेमा आहे. दोन माणसं समोरासमोर बसून बोलतात, यापलीकडे त्यात फारसं काही घडत नाही. त्यात थरार आणायचा तर तो संकलनाच्या टेबलावरच आणावा लागतो. माइक हिल आणि डॅन हॅन्ली यांनी तो असा आणला, की त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. राजकीय मुलाखती कापण्यातच माझी नोकरीची वर्षं गेली, त्यामुळे त्यांच्या कामाचं मला जरा जास्तच अप्रूप आहे. तक्रारही त्याच कारणानं आहे.

वॉटरगेट प्रकरणामुळे अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी ऑगस्ट १९७४मध्ये राजीनामा दिला आणि महिन्याभरात नव्या अध्यक्षांनी, फोर्ड यांनी, त्यांना माफी देऊन टाकली. आता खटला चालणार नव्हता. डेव्हिड फ्रॉस्ट हा ब्रिटिश मुलाखतकार, नटनट्यांशी गप्पा मारणारा म्हणून हेटाळला गेलेला. त्यानं सहा लाख डॉलर आणि वर नफ्यात वाटा कबूल करून निक्सन यांना खुर्चीत बसवलं. पैसे मोजून घेतलेली मुलाखत मोठ्या अमेरिकी वाहिन्यांना नको होती, तेव्हा या पठ्ठ्यानं गावोगावची केंद्रं स्वतः जमवली आणि जाहिरातदारही स्वतःच शोधले. १९७७च्या मार्च-एप्रिलमध्ये कॅलिफोर्नियात समुद्राकाठच्या एका घरात बारा दिवस चित्रीकरण झालं. हाती आलं पावणेएकोणतीस तासांचं ध्वनिचित्रमुद्रण. मे महिन्यात त्यातून चार भाग दाखवले गेले, प्रत्येकी दीड तासाचे आणि तेही जाहिरातींसकट. काय ठेवायचं, काय टाकायचं, यात निक्सन यांना करारानुसार काडीचाही अधिकार नव्हता.

म्हणजे सिनेमावाल्यांच्या तीस वर्षं आधीच त्या बोलण्यावर कात्री चालली होती. वॉटरगेटचं चित्रीकरण मध्यावर कधीतरी झालं, पण प्रक्षेपणात तोच भाग ४ मे रोजी सर्वांत आधी आला आणि साडेचार कोटींच्या आसपास लोकांनी तो पाहिला. कोणताही संकलक हेच करेल. सिनेमानं उलट केलं, वॉटरगेट शेवटच्या दिवसावर ढकललं. तेही बरोबरच, कारण तिकीट काढून आलेला प्रेक्षक मधेच उठून जात नाही, त्याला वाट बघायला लावता येते.

बाकीचे फेरफारही मला खुपत नाहीत. निक्सन यांनी रात्री दारूच्या नशेत फ्रॉस्टला केलेला फोन निखालस काल्पनिक आहे, पण एका मोठ्या नटाला तो दिला तर बिघडलं कुठे? फ्रॉस्टचा संशोधक जेम्स रेस्टन याला निक्सन आणि त्यांचा सल्लागार कोल्सन यांच्या संभाषणाचा कागद सिनेमात ऐन वेळी सापडतो; खरं तर तो कित्येक महिने आधीच हाती होता. प्रश्नोत्तरं ऐन रंगात आलेली असताना निक्सन यांचा सहायक जॅक ब्रेनन सिनेमात सरळ मधे घुसतो. प्रत्यक्षातला प्रसंग मला जास्त आवडतो. ब्रेनननं कॅमेऱ्यामागून कागद धरला, ‘त्यांना बोलू द्या’. फ्रॉस्टनं घाईत वाचलं, ‘आपण बोलू या’, आणि टेप बदलायचं निमित्त काढून काम थांबवलं. असा योगायोग पटकथेत लिहिला असता तर दिग्दर्शकानं तो खोडून टाकला असता.

मला खुपतं ते एकच वाक्य. अध्यक्ष जेव्हा एखादी गोष्ट करतो, तेव्हा ती बेकायदा नसते, असं निक्सन म्हणाले. सिनेमात ते वॉटरगेटच्या झटापटीत येतं. म्हातारा कोंडीत सापडलाय, आवाज चढलाय, आणि तोंडून नको ते निसटतं. कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो आणि आपल्याला वाटतं, सापडला!

मूळ मुलाखतीत ते वाक्य वॉटरगेटच्या भागात नाहीच. ते तिसऱ्या भागात आहे आणि विषय आहे १९७०ची ह्यूस्टन योजना. युद्धविरोधी मंडळींच्या घरात चोरून शिरणं, त्यांची पत्रं फोडणं, फोन ऐकणं, हे सगळं अध्यक्षानं मंजूर करावं की नाही, हा प्रश्न होता. निक्सन वकील होते. अशिलाला कलम समजावून सांगावं तसं ते शांतपणे हे सांगतात. फ्रॉस्ट विचारतो, म्हणजे व्याख्येनुसारच? ते म्हणतात, अगदी तसंच, आणि राष्ट्रीय सुरक्षेचा मुद्दा घेऊन पुढे बोलत राहतात. कुठे अडखळणं नाही, कपाळाला आठी नाही. काहीही निसटलेलं नाही. तो माणूस विचार करून आपलं मत मांडतो आहे.

संकलक म्हणून मला पक्कं ठाऊक आहे की ते वाक्य मूळ जागी ठेवलं असतं तर चित्रपटाचा कळस ढिला पडला असता. हिल आणि हॅन्लीच्या जागी मीही ते उचललंच असतं. पण निक्सन पाहायचे असतील तर मूळ टेपचा तो तिसरा भाग आधी पाहा, लँजेला नंतर.